महासंगणक आहे, शिकवणारे हवेत: राज्यातील विद्यापीठांच्या विद्यापरिषदांना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि विद्यापरिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्रातील राज्य विद्यापीठे

सप्रेम नमस्कार.

मी एका संलग्न महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. तरीही गेली बरीच वर्षे माझा मोठा वेळ सुपरकॉम्प्युटरवर काम करू पाहणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांबरोबर जातो. त्यात रसायनवाले असतात, वनस्पतिशास्त्रवाले, भूगोलवाले असतात, अलीकडे अर्थशास्त्राचेही येऊ लागले आहेत. त्यांच्या वतीने मी हे लिहिते आहे. मागणी सरळ आहे. पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंगचा, म्हणजे सुपरकॉम्प्युटरवर गणित करण्याचा, आपण एचपीसी म्हणतो त्याचा, दोन क्रेडिटचा कोर्स सुरू करा. तो संगणकशास्त्राबाहेरच्या संशोधकांसाठीच बेतलेला असावा. आणि तो शिकवायला, शिकवून झाल्यावर विद्यार्थ्यांच्या पाठीशी राहायला, प्रत्येक विद्यापीठात निदान एक पूर्णवेळ माणूस नेमा.

या मागणीला महाराष्ट्राइतकी योग्य जागा दुसरी नाही. 1980च्या दशकात अमेरिका हव्या त्या क्षमतेचे क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला तयार होईना, तेव्हा 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणन संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातून आलेल्या आणि नागपुरात शिकलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 हा सुपरकॉम्प्युटर तयार झाला. नोव्हेंबर 2007 मध्ये जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे यंत्रांच्या यादीत पुण्याचा 'एका' चौथा होता. 2015 मध्ये केंद्राने साडेचार हजार कोटींचे राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन मंजूर केले आणि त्यातून 2019 मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आला. पाषाणच्या हवामानशास्त्र संस्थेत, आयआयटीएममध्ये, 2018 मध्ये प्रत्यूष आणि 2024 मध्ये 11.77 पेटाफ्लॉपचा (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतकी गणिते) अर्का बसला. त्याच वर्षी जीएमआरटी दुर्बिणीच्या कामासाठी परम रुद्र आला. गणेशखिंड ते पाषाण या काही किलोमीटरच्या पट्ट्यात जेवढी गणनशक्ती एकवटली आहे, तेवढी देशातल्या फार थोड्या शहरांत सापडेल.

आणि या पट्ट्याबाहेर पडून राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्याच्या महाविद्यालयात जा. रेणूंच्या सिम्युलेशनवर पीएचडी करणारी मुलगी रात्रभर लॅपटॉप चालू ठेवते आणि लोडशेडिंग झाले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. तिला यंत्रावर खाते मिळू शकते, हेच तिला कुणी सांगितलेले नसते. ज्यांना कळते, ज्यांना खाते मिळते, त्यांचे काय होते ते जरा जवळून सांगते, कारण खरी अडचण तिथे आहे.

पहिल्या दिवशी विद्यार्थी महाविद्यालयातून यंत्रावर लॉगिन करायला जातो आणि काहीच घडत नाही. पडदा नुसता थांबून राहतो. कारण बऱ्याच महाविद्यालयांच्या नेटवर्कवर पोर्ट 22 ही बाहेर जाणारी वाट बंद केलेली असते आणि दूरच्या यंत्रावर लॉगिन करवणारे एसएसएच त्याच वाटेने जाते. हे त्याला माहीत नसते. त्याला वाटते पासवर्ड चुकला. मग कुणीतरी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघायला सांगते आणि तो आत पोचतो. आत काळा पडदा, माउस चालत नाही. विंडोजवर नोटपॅडमध्ये लिहिलेली जॉबस्क्रिप्ट, म्हणजे यंत्राला द्यायच्या सूचनांची फाइल, तो वर चढवतो, काम सोपवणारी एसबॅच ही आज्ञा देतो, आणि यंत्र उत्तर देते की तुमच्या फाइलमध्ये डॉस पद्धतीचे लाइन ब्रेक आहेत. स्क्रिप्टमधला शब्द न् शब्द बरोबर असतो. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हे टाकते, लिनक्सला एकच हवे असते, एवढाच घोळ. डॉस-टू-युनिक्स ही एक आज्ञा दिली की सुटतो. ज्याला ती आज्ञा सांगणारे शेजारी कुणी नाही, त्याचा आठवडा जातो.

त्यानंतरचा टप्पा जास्त धोक्याचा, कारण तिथे चूक दिसत नाही. परम मालिकेतल्या अनेक यंत्रांवर एका नोडमध्ये, म्हणजे यंत्राच्या आतल्या एका स्वतंत्र संगणकात, 48 कोअर, म्हणजे गणित करणारे 48 भाग, असतात. विद्यार्थी विचार करतो, 48 कोअर मागितले तर काम 48 पट वेगाने होईल. स्क्रिप्टमध्ये तो टास्कची संख्या 48 लिहितो आणि आपला प्रोग्राम एसरन ही आज्ञा लावून चालवतो. तो प्रोग्राम एमपीआयने, म्हणजे अनेक कोअरमध्ये काम वाटून त्यांना एकमेकांशी बोलायला लावणाऱ्या पद्धतीने, लिहिलेला नसतो, एकाच कोअरसाठी लिहिलेला साधा प्रोग्राम असतो. मग होते असे की त्याच प्रोग्रामच्या 48 प्रती एकाच क्षणी सुरू होतात. सगळ्या तीच इनपुट फाइल वाचतात, तेच गणित करतात आणि एकाच आउटपुट फाइलवर एकमेकींच्या अंगावर लिहितात. नोडवर जाऊन टॉप ही कामाचा भार दाखवणारी आज्ञा लावून पाहिले तर सगळे कोअर शंभर टक्के कामात. विद्यार्थी खूश, मार्गदर्शक खूश. जॉबला लॅपटॉपपेक्षा जास्त वेळ लागतो तेव्हा 'सर्व्हर स्लो आहे' असे म्हणून सोडून दिले जाते. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की नव्या विद्यार्थ्याची स्क्रिप्ट हातात आली की माझी नजर आधी त्या ओळीवर जाते.

हे विद्यार्थी मठ्ठ नाहीत. त्यांतले काही श्रोडिंजरचे समीकरण हाताने सोडवतात, काही पानाच्या एका शिरेवरून वनस्पतीचे कुळ सांगतात. त्यांना कुणी शिकवलेले नाही, एवढेच.

शिकवण्याचे प्रयत्न होत नाहीत असे मी म्हणणार नाही. मनुष्यबळ घडवणे हे सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या उद्दिष्टांतच आहे आणि खरगपूर, मद्रास, गोवा, पालक्काड या चार आयआयटींमध्ये प्रशिक्षणाची मुख्य केंद्रे केली आहेत. कार्यशाळा होतात, ऑनलाइन व्याख्याने होतात. माझी तक्रार त्यांच्या क्रमाबद्दल आहे. मी पाहिलेल्या बहुतेक कार्यशाळा प्रोसेसरच्या रचनेपासून सुरू होतात. मग फ्लिनचे वर्गीकरण, मग कॅशच्या पातळ्या. तिसऱ्या दिवशी सी भाषेत एमपीआयचा 'हॅलो वर्ल्ड', चौथ्या दिवशी कुडा, पाचव्या दिवशी प्रमाणपत्र. संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हा क्रम चालतो, कारण पुढे तो समांतर प्रोग्राम लिहिणार असतो. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी ग्रोमॅक्स किंवा क्वांटम एस्प्रेसो हे रेणूंच्या गणिताचे तयार प्रोग्राम वापरणार असते. ते प्रोग्राम इतरांनी वर्षानुवर्षे खपून समांतर केलेले आहेत. तिला एमपीआयचा एकही प्रोग्राम लिहायचा नाही. तिला हे ठरवायचे असते की तिच्या प्रथिनासाठी किती कोअर मागावेत, किती तास, किती मेमरी, आणि आलेल्या उत्तरावर भरवसा ठेवावा का. पाच दिवसांत याबद्दल तिला एक अक्षरही ऐकायला मिळत नाही. सहाव्या दिवशी ती परत लॅपटॉपकडे वळते.

माझे स्पष्ट मत आहे की या कोर्समध्ये एमपीआय प्रोग्रामिंग सगळ्यांना शिकवू नये. एमपीआय म्हणजे काय, ओपनएमपी म्हणजे काय, आपला प्रोग्राम यांतल्या कोणत्या जातीचा आहे हे ओळखता आले पाहिजे, कारण वर सांगितलेला 48 प्रतींचा गोंधळ त्याच अज्ञानातून होतो. पण ते लिहिणे हा पुढचा, ऐच्छिक विषय. काही सहकाऱ्यांना हे उथळ वाटते. त्यांना मी म्हणते, रेणूंची रचना तपासणारे एनएमआर यंत्र वापरायला आपण विद्यार्थ्याला चुंबक गुंडाळायला शिकवत नाही. पण नमुना कसा तयार करायचा, किती स्कॅन घ्यायचे आणि वर्णपटातली कोणती रेघ खोटी आहे हे मात्र चोख शिकवतो. तशी चोख शिकवणी इथे हवी.

त्या शिकवणीची सुरुवात क्यूपासून, म्हणजे कामांच्या रांगेपासून, व्हावी, कारण विद्यार्थ्याचा रोजचा संबंध तिच्याशी येतो. लॉगिन नोड सगळ्यांचा असतो, त्यावर काम चालवायचे नसते. काम स्लर्म या कामे वाटणाऱ्या प्रोग्रामकडे द्यायचे असते आणि स्लर्म ते जागा मिळेल तसे पुढच्या नोडवर चढवतो. किती वेळ मागितला यावर तुमची पाळी केव्हा येईल हे बरेचसे अवलंबून असते. एसटीत एकट्या माणसाला मागच्या कोपऱ्यात पटकन जागा मिळते, दहा जणांच्या कुटुंबाला पुढच्या गाडीची वाट बघावी लागते, क्यूचेही तसेच. दोन तासांचे, एका नोडचे काम मोठ्या कामांच्या मधल्या फटीत बसून जाते. 'असू दे' म्हणून चार दिवस मागितलेले तेच काम पडून राहते. विद्यार्थ्यांना हे एकदा समजले की ते आपणहून कामाचे तुकडे करू लागतात, आणि मग चेकपॉइंटचा विषय निघतो. ग्रोमॅक्स दर पंधरा मिनिटांनी आपली अवस्था फाइलमध्ये लिहून ठेवतो. वेळ संपून जॉब बंद पडला तर त्याच जागेवरून पुढे जाता येते, त्यासाठी आज्ञेत एकच पर्याय वाढवावा लागतो. वीज गेली की शून्यापासून सुरू करणाऱ्या मुलीला ही एक गोष्ट कळली असती तर तिचे कित्येक महिने वाचले असते. लॅपटॉपवरसुद्धा.

दुसरा भाग मोजण्याचा. माझ्या दृष्टीने सगळ्या कोर्सचा गाभा हाच. जीन अमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेला नियम शाळेच्या गणितात बसतो. प्रोग्रामचा 95 टक्के भाग समांतर चालत असेल आणि 5 टक्के भाग एकामागून एकच चालू शकत असेल, तर तुम्ही कितीही कोअर लावा, वेग 20 पटींच्या पुढे जात नाही. 64 कोअरवर तो साधारण 15 पट होतो. 1024 कोअरवर साडेएकोणीस. म्हणजे सोळापट यंत्र अडवून मिळाले काय, तर वेग 15 पटींवरून साडेएकोणीस पटींवर. हा हिशेब फळ्यावर करून दाखवला की वर्ग गप्प होतो. पण फळ्यावर थांबू नये. प्रत्येकाने आपला स्वतःचा प्रोग्राम 1, 2, 4, 8, 16, 32, 48 कोअरवर चालवावा, वेळ मोजावा आणि आलेख काढावा. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याचा आलेख 8 कोअरनंतर सपाट होतो. रेणूंच्या सिम्युलेशनचा आलेख बराच वर जातो आणि मग एका कोअरच्या वाट्याला काही शेच अणू उरले की खाली येऊ लागतो, कारण कोअर गणितापेक्षा एकमेकांशी बोलण्यातच वेळ घालवतात. आपला आलेख स्वतः काढलेला विद्यार्थी नंतर कधीही 'जास्तीत जास्त द्या' असे म्हणत नाही.

ज्यांच्याकडे पुष्कळ छोटी, स्वतंत्र कामे आहेत त्यांना तर समांतर प्रोग्रामची गरजच नसते. समजा दुष्काळी गावांतल्या झाडांचे 60 आरएनए नमुने आहेत. प्रत्येक नमुन्याची जुळणी वेगळी, एकीचा दुसरीशी संबंध नाही. इथे स्लर्मचा जॉब अ‍ॅरे वापरायचा. एकच स्क्रिप्ट, 60 कामे, ज्याला जागा मिळेल ते पुढे जाते. अर्थशास्त्रातही हेच. श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या कुटुंबनिहाय नोंदींवर हजार वेळा नमुने काढून अंदाजाची खात्री करायची असेल, तर आर भाषेतला तोच कोड हजार तुकड्यांत पाठवता येतो. मराठवाड्याच्या उपग्रह-प्रतिमांवर काम करणाऱ्या भूगोलाच्या विद्यार्थ्याला चौकटीमागे एक जॉब पुरतो. संगणकशास्त्रज्ञांना हा प्रकार क्षुल्लक वाटतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांचे काम मात्र एवढ्यातच भागते.

मेमरी आणि फाइली या दोन गोष्टींवर मी थोडक्यात लिहिते, पण त्यांच्याविना गाडी अडते. एका नोडवर 48 कोअर आणि 192 जीबी मेमरी असेल तर कोअरमागे 4 जीबी येतात. जिनोम जुळवणाऱ्या प्रोग्रामला याहून खूप जास्त लागते आणि तो मध्येच मारला जातो. विद्यार्थी कोअर वाढवत बसतो, हवी असते मेमरी. फाइलींचे म्हणाल तर समांतर फाइल सिस्टिमला थोड्या मोठ्या फाइली आवडतात. एकाच फोल्डरमध्ये दहा लाख बारीक फाइली टाकल्या की फाइलींची नोंद ठेवणारा सर्व्हर गुदमरतो आणि त्या यंत्रावरच्या प्रत्येकाचे काम मंदावते. स्क्रॅचचा, म्हणजे यंत्रावरच्या तात्पुरत्या साठ्याचा, बॅकअप नसतो आणि ठरावीक दिवसांनी तो साफ केला जातो. तीन वर्षांचा विदा (डेटा) स्क्रॅचवर ठेवून तो गमावलेले संशोधक प्रत्येक केंद्राला माहीत आहेत.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच कार्यशाळेत मी ऐकली नाही, ती उत्तराच्या भरवशाची. तीच आज्ञा 24 कोअरवर आणि 48 कोअरवर दिली की ऊर्जेचे उत्तर शेवटच्या काही दशांश स्थळांत वेगळे येऊ शकते. कारण संगणकातल्या अपूर्णांकांची बेरीज कोणत्या क्रमाने केली यावर किंचित बदलते आणि कोअर बदलले की क्रम बदलतो. रेणूंच्या गतीच्या सिम्युलेशनमध्ये तो किंचित फरक वाढत जातो आणि काही काळाने दोन मार्ग पूर्ण वेगळे होतात. सरासरी गुणधर्म मात्र जुळायला हवेत. ज्याला हे ठाऊक नाही तो एक तर घाबरून काम फेकून देतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे बरे दिसणारे एक उत्तर निवडून प्रबंधात घालतो. हा प्रश्न थेट संशोधनाच्या प्रामाणिकपणाचा आहे. तो संगणकाचा म्हणून बाजूला सारता येणार नाही.

भूगोल, हवामान, शेती या विषयांतल्यांना आणखी एक हिशेब यायला हवा. मे 2025 मध्ये आयआयटीएमने घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली आणि अंदाजाची चौकट 12 किलोमीटरवरून 6 किलोमीटरवर आली. ऐकायला निम्मी वाटते. पण चौकटीची बाजू निम्मी केली की त्याच प्रदेशात बिंदू चौपट होतात आणि गणित स्थिर राहावे म्हणून वेळेची पावलेही साधारण निम्मी करावी लागतात. काम आठपट झाले. अर्कासारखे यंत्र का लागले ते इथे कळते. आणि तालुक्याच्या पावसावर डब्ल्यूआरएफ हे हवामानाचे मॉडेल चालवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला 'एक किलोमीटरची चौकट घेतो' असे प्रस्तावात लिहिण्याआधी आपण काय मागतो आहोत तेही कळते.

शिकवायचे कसे, याबद्दलही माझे काही म्हणणे आहे. ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी 1998 मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांसाठी सॉफ्टवेअर कार्पेंट्री सुरू केली. जगभर पसरलेल्या त्या शिकवणीत स्लाइड जवळपास नसतात. शिक्षक मोठ्या पडद्यावर एकेक आज्ञा टंकतो, वर्ग त्याच्याबरोबर टंकतो. प्रत्येकाकडे दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या असतात. जमले की एक रंग लॅपटॉपच्या पाठीवर, अडले की दुसरा. शिक्षक शिकवत राहतो आणि मदतनीस अडलेल्या रंगाकडे जातात. मी ही पद्धत वापरते आणि आपल्याकडे तिचा उपयोग दुप्पट आहे असे मला वाटते. आपली मुले, विशेषतः ग्रामीण भागातून आलेली, भर वर्गात हात वर करून 'मला कळले नाही' असे म्हणत नाहीत. चिठ्ठी मात्र लावतात. पहिल्या तासाला निम्म्या लॅपटॉपवर लाल चिठ्ठ्या दिसल्या की शिक्षकाला आपला वेग कळतो.

भाषेचेही तेच. नोड, कोअर, क्यू, जॉब हे शब्द तसेच राहू देत, सगळे तेच बोलतात. पण समजावणे मराठीत होऊ द्या. एरर इंग्रजीत येतो, तो वर्गात मोठ्याने वाचायचा आणि मराठीत उलगडायचा. एरर म्हणजे रागावणे नसून माहिती आहे हे मनात बसायला एवढे पुरते. आणि मानव्यविद्यांना वगळू नका. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 1948 पासून चाललेल्या संस्कृत कोशाच्या प्रकल्पात जवळपास एक कोटी शब्दचिठ्ठ्या आहेत. अशा साहित्याचे अक्षरवाचन, जुळणी, शोध ही कामे उद्या याच यंत्रांवर जातील आणि ती करणारा माणूस संस्कृत जाणणारा असावा लागेल.

हल्ली मला सांगतात की जॉबस्क्रिप्ट आता एआय लिहून देतो, मग शिकवायचे कशाला? मी ती लिहून घ्यायला विद्यार्थ्यांना मनाई करत नाही. पण एआयला या यंत्रावरच्या पार्टिशनची, म्हणजे नोडच्या गटांची, नावे ठाऊक नसतात, मॉड्यूलची, म्हणजे तिथे बसवलेल्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती तो अंदाजाने लिहितो, आणि 48 प्रतींचा गोंधळ करणारी स्क्रिप्टही तितक्याच आत्मविश्वासाने देतो. ती ओळ वाचून 'हे चूक आहे' म्हणणारा डोळा विद्यार्थ्याकडे हवा.

आता व्यवस्थेबद्दल. युजीसीच्या 2022च्या नियमांनुसार पीएचडीच्या कोर्सवर्कला किमान 12 क्रेडिट लागतात आणि त्यांत संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा कोर्स सक्तीचा आहे. तो कोर्स सुरू झाला तेव्हाही 'वेळ कुठे आहे' असे म्हटले गेले होते, आज तो सगळीकडे चालतो. त्याच मापाचा, 30 तासांचा, एचपीसीचा कोर्स ऐच्छिक म्हणून ठेवा. सक्ती नको, ज्याचा विषय मागतो त्याने घ्यावा. परीक्षा लेखी नको. विद्यार्थ्याने स्वतःच्या कामाचा तो कोअर आणि वेळेचा आलेख द्यावा, किती कोअर निवडले आणि का ते लिहावे, आणि यंत्रावर वेळ मागणारा एक पानाचा अर्ज तयार करावा. 48 कोअर, 24 तास, 10 रन म्हणजे 11,520 कोअर-तास, असा साधा हिशेब. हे पान पुढे खऱ्या प्रस्तावात जसेच्या तसे वापरता येते.

मार्गदर्शकांसाठी अर्धा दिवस राखून ठेवा. 'जॉब क्यूमध्ये आहे' याचा अर्थ विद्यार्थी रिकामा बसला आहे असा होत नाही, हे त्यांना कळणे मुलांच्या हिताचे आहे.

सगळ्यात जास्त आग्रह मी पूर्णवेळ माणसाचा धरते. कोर्स संपल्यावर चौथ्या महिन्यात, रात्री, एका नव्या एररवर विद्यार्थी अडतो. तेव्हा त्याला विचारायला कुणीतरी हवे. यंत्राचा सिस्टिम अ‍ॅडमिन ते करू शकत नाही. त्याला यंत्र चालू ठेवायचे असते आणि क्वांटम रसायनातली अडचण त्याला कळावी अशी अपेक्षाही चुकीची. प्राध्यापक करू शकत नाही, त्याचे तास ठरलेले असतात. परदेशी विद्यापीठांत यासाठी रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर नावाचे पद असते. एखाद्या विज्ञानात पीएचडी झालेला, संगणकाची गोडी असलेला, शिकवायची हौस असलेला माणूस. असे तरुण आपल्याकडे आहेत. आज ते एक तर सीएचबीवर तासिका घेतात किंवा आयटी कंपनीत निघून जातात. कारण विद्यापीठाच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, त्यांच्यासाठी जागाच नाही. पद निर्माण व्हायला शासनाची मंजुरी लागते हे मला माहीत आहे. तोवर विद्यापीठ निधीतून कंत्राटी का होईना, पण पाच वर्षांची खात्री देऊन नेमणूक करा. अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर कुणी कुणाच्या पाठीशी उभे राहू शकत नाही.

यंत्र नाही म्हणून थांबू नका. विभागात पडून असलेले चार-पाच डेस्कटॉप जोडून, त्यावर लिनक्स आणि स्लर्म टाकून क्यू, जॉब अ‍ॅरे, आलेख हे सगळे शिकवता येते. स्लर्म फुकट मिळतो. तिथे शिकलेला विद्यार्थी मोठ्या यंत्रावर गेला की आज्ञा त्याच असतात, आकडे मोठे होतात. आणि महाविद्यालयांच्या नेटवर्क विभागांना एक परिपत्रक काढा की संशोधन विभागांसाठी बाहेर जाणारे पोर्ट 22 उघडावे. याला पैसा लागत नाही.

माझी विनंती आहे की पुढच्या शैक्षणिक वर्षाचे कोर्सवर्क ज्या बैठकीत ठरेल तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि अभ्यासक्रम ठरवायला एकट्या संगणकशास्त्राच्या अभ्यासमंडळाकडे न सोपवता रसायन, जीवशास्त्र, भूगोल आणि अर्थशास्त्राचा प्रत्येकी एक सदस्य त्यात बसवावा. पहिल्या तुकडीत वीसच विद्यार्थी घ्या, वेगवेगळ्या विभागांतले, आणि प्रत्येकाने स्वतःचा विदा घेऊन यावे असे सांगा. तीस तासांचा तपशीलवार मसुदा माझ्याकडे तयार आहे, तो मी कुठल्याही विद्यापीठाला द्यायला आणि पहिली तुकडी शिकवायला तयार आहे. फक्त मुलांची खाती पहिल्या तासाच्या आधी उघडलेली असावीत.

कळावे,
आपली नम्र,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका